जुळता जुळता राहिलेलं यमक
(इंग्रजी कविता वाचताना : भाग ७)

बारावीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं. 'या ओळीत अमुक ध्वनी पुन्हा पुन्हा आला आहे, त्यामुळे कवितेचं सौंदर्य वाढलं आहे.' अलंकार बरोबर ओळखलेला असतो, मार्क द्यावेच लागतात. पण सौंदर्य वाढलं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या मुलांना कुणी विचारलेलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात आपण उपमा पाहिली. आज यमक घेऊ, विल्फ्रेड ओवेनचं.

ओवेन पहिल्या महायुद्धात लढला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये एक कालवा ओलांडताना मारला गेला. वय २५. युद्ध थांबायला आठवडा उरला होता. 'स्ट्रेंज मीटिंग' ही कविता त्याच वर्षातली. लढाईतून निसटलेला सैनिक एका खोल भुयारात उतरतो. तिथे कण्हत पडलेल्यांतला एक जण उठून त्याच्याकडे टक लावून बघतो, बोलू लागतो. शेवटी कळतं, याला तर आपणच काल मारलं!

आता ओळींच्या शेवटचे शब्द मोठ्याने म्हणा: 'हॉल' आणि 'हेल'. 'किल्ड' आणि 'कोल्ड'. व्यंजनं तीच, मधला स्वर मात्र बदललेला. इंग्रजीत याला पॅराऱ्हाइम म्हणतात. मराठीत 'वार'ला 'धार' जोडली की यमक होतं. 'वार'पुढे 'वीर' किंवा 'मान'पुढे 'मौन' ठेवून पाहा. कान जुळणीची वाट बघतो आणि ऐन वेळी पायरी चुकल्यासारखं होतं.

परीक्षेत इथवर लिहिलं तरी पुरतं. खरं वाचन इथून पुढे आहे. मी वर्गात एक साधा प्रयोग करायला सांगते: अलंकार काढून टाका आणि काय बिघडतं ते बघा. या कवितेत सगळी यमकं नीट जुळवली असती, तर प्रत्येक जोडीला एक समाधान मिळालं असतं, गाणं झालं असतं. मेलेला माणूस आपल्या मारेकऱ्याशी बोलतोय, तिथे ते समाधान खोटं वाटलं असतं. मेलेला सैनिक मारणाऱ्याला 'मित्रा' म्हणतो. तो 'फ्रेंड' शब्द जोडलाय 'फ्राउन्ड'शी, म्हणजे संगीन खुपसताना याच्या कपाळावर पडलेल्या आठीशी. मैत्री आणि ती आठी एकमेकांना भिडतात, पण पूर्ण जुळत नाहीत. दोन माणसांचं जे झालं, तेच दोन शब्दांचं.

कवितेची शेवटची ओळ अर्धीच आहे. आता झोपू या, एवढंच तो म्हणतो. त्या ओळीला तर अर्धंमुर्धं यमकही नाही. तिची जोडीदार ओळ ओवेनने लिहिलेलीच नाही.