हीथ्रोचा फलाट आणि मुक्कामाचे दार

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून शहरातील मुक्कामाच्या जागी रेल्वेने व पायी कसे पोहोचावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच कसोटीवर दिले जाते, आणि ती कसोटी म्हणजे गाडीचा वेग. हा वेग विमानतळाच्या फलाटापासून शहरातील एखाद्या स्थानकाच्या फलाटापर्यंत मोजलेला असतो. प्रवाशाला मात्र फलाटावर राहायचे नसते, तर एखाद्या गल्लीतील ठरावीक क्रमांकाच्या दारापाशी सामानासह पोहोचायचे असते. या प्रवासाबद्दलचे बरेचसे गैरसमज फलाट आणि दार यांमधल्या अंतराचा हिशेब न केल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

पहिला व सर्वांत रुजलेला समज असा की, सर्वांत जलद गाडी मुक्कामी सर्वांत लवकर पोहोचवते. हीथ्रोहून मध्य लंडनकडे तीन प्रकारच्या रेल्वे जातात. १९९८ साली सुरू झालेली हीथ्रो एक्सप्रेस टर्मिनल २ व ३ यांच्या सामाईक स्थानकावरून सुमारे १५ मिनिटांत पॅडिंग्टन गाठते. २०२२ साली जिचा शहराखालचा मुख्य बोगदा खुला झाला ती एलिझाबेथ लाइन त्याच पॅडिंग्टनला जवळजवळ दुप्पट वेळ घेते. आणि १९७७ पासून विमानतळापर्यंत पोहोचलेली पिकॅडिली लाइन, म्हणजे जुनी भुयारी रेल्वे, मध्य लंडनच्या पश्चिमेकडील भागापर्यंत पाऊण तासाच्या आसपास आणि किंग्ज क्रॉसपर्यंत सुमारे तासभर घेते. भाड्याचा क्रमही वेगाप्रमाणेच आहे, सर्वांत जलद ती सर्वांत महाग. परंतु हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनला संपते, आणि पॅडिंग्टन हे शहराच्या मध्यभागाच्या वायव्य कडेला आहे. ज्याची खोली ससेक्स गार्डन्स किंवा नॉरफोक स्क्वेअर या पॅडिंग्टनजवळच्या, लहान हॉटेलांनी भरलेल्या भागात आहे, त्याने ही गाडी घेणे सर्वस्वी योग्य ठरते. ज्याला ब्रिटिश म्युझियमच्या परिसरात, म्हणजे ब्लूम्सबरीत उतरायचे आहे, त्याला मात्र पॅडिंग्टनला उतरून, बॅगा ओढत दुसऱ्या मार्गाचा फलाट शोधून, पुन्हा गाडीची वाट पाहावी लागते. उलट एलिझाबेथ लाइनने तो न बदलता टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरतो आणि तेथून पायी निघतो. अर्ल्स कोर्ट येथे राहणाऱ्यासाठी तर तिघींत सर्वांत संथ समजली जाणारी पिकॅडिली लाइनच थेट दारापाशी नेते. म्हणून मार्ग ठरवताना विमानतळाकडून शहराकडे नव्हे, तर मुक्कामाच्या दाराकडून उलट विमानतळाकडे हिशेब करणे अधिक शहाणपणाचे असते.

या तीन गाड्यांतील पहिल्या दोन एकच आहेत, असाही समज आढळतो, आणि तो अगदीच निराधार नाही, कारण हीथ्रोच्या बाजूला दोघी त्याच रुळांवरून आणि त्याच स्थानकांतून धावतात. दोन्हींत बँकेचे स्पर्शाने चालणारे कार्ड लावता येते, त्यामुळे फरक गाडीत बसताना कळत नाही, खात्यातून पैसे वजा झाल्यावर कळतो. या शहरात कार्डाने दिवसभरात केलेल्या प्रवासाच्या एकूण भाड्याला एक कमाल मर्यादा असते, जिच्यापुढे त्या दिवशी आणखी पैसे कापले जात नाहीत. हीथ्रो एक्सप्रेसचे भाडे या मर्यादेच्या बाहेर राहते. कार्डाचा आणखी एक नियम भारतीय कुटुंबांना अडचणीत टाकतो. एका कार्डावर चौघांना आत घेता येत नाही. प्रत्येक प्रौढ प्रवाशाकडे स्वतंत्र कार्ड असावे लागते, आणि स्थानकात शिरताना जे कार्ड लावले तेच बाहेर पडताना लावावे लागते. प्रवेश करताना प्लास्टिकचे कार्ड आणि बाहेर पडताना त्याच बँक खात्याशी जोडलेला मोबाइल लावला, तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे, अपूर्ण प्रवास मानते आणि दोन्हींसाठी जास्तीत जास्त भाडे आकारते. अकरा वर्षांखालील मुले मात्र प्रौढांसोबत भुयारी रेल्वेने विनामूल्य जातात, हे अनेकांना ठाऊक नसते.

भुयारी रेल्वे म्हणजे सामानासह प्रवास करणे अशक्य, हा समज अर्धाच खरा आहे. पिकॅडिली लाइनवर दीर्घकाळ धावलेले डबे १९७३ सालच्या रचनेचे असून मार्ग विमानतळाकडे वाढणार हे गृहीत धरून त्यांच्या दारांजवळ सामानासाठी अधिक मोकळी जागा ठेवली गेली होती. शिवाय हा मार्ग सगळाच भुयारात नाही; हाउन्स्लो वेस्टनंतर गाडी बॅरन्स कोर्टपर्यंत उघड्यावरून, घरांच्या मागच्या अंगणांना लागून धावते, आणि एकूण जाळ्याचाही निम्म्याहून अधिक भाग जमिनीवरच आहे. हॅमरस्मिथ व बॅरन्स कोर्ट येथे फलाटाच्या एका बाजूला पिकॅडिली आणि दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी थांबते, त्यामुळे व्हिक्टोरियाकडे जाणारा प्रवासी एकही जिना न चढता, केवळ फलाट ओलांडून गाडी बदलू शकतो. खरी अडचण डब्यात नसून शेवटच्या स्थानकात असते. जुन्या खोल स्थानकांपैकी अनेकांत उद्वाहन असूनही फलाट आणि उद्वाहन यांच्या मध्ये पायऱ्या आहेत. ब्लूम्सबरीतील रसेल स्क्वेअर हे त्याचे ठळक उदाहरण. कोव्हेंट गार्डनला उद्वाहनाची गर्दी टाळण्यासाठी गोल जिन्याकडे वळणाऱ्याला १९३ पायऱ्या चढाव्या लागतात. नकाशावर स्थानकाशेजारी चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असल्यास रस्त्यापासून वाट पायऱ्यांविना असते, आणि हे चिन्ह केवळ अपंग प्रवाशांसाठी आहे असे मानणे ही मोठी बॅग ओढणाऱ्याची चूक ठरते. रसेल स्क्वेअरऐवजी एक स्थानक पुढे, किंग्ज क्रॉसला उतरून थोडे मागे चालत येणे अनेकदा सोयीचे पडते.

नकाशाबद्दलचा गैरसमज अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण पायी चालण्याचे बहुतेक निर्णय त्यावर अवलंबून असतात. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध रंगीत नकाशा हा भूगोलाच्या अर्थाने नकाशा नाहीच. हॅरी बेक या आरेखकाने १९३१ मध्ये तो कल्पिला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती पडला. त्यात सर्व रेषा आडव्या, उभ्या किंवा तिरक्या ठेवलेल्या असून स्थानकांमधली अंतरे वाचनाच्या सोयीसाठी समान केलेली आहेत. कोणती रेषा कोणत्या रेषेला कोठे मिळते एवढेच तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि जमिनीखालच्या प्रवाशाला तेवढेच पुरते. जमिनीवर चालणाऱ्याला मात्र तो फसवतो. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन यांच्यामधले अंतर सुमारे २६० मीटर आहे, म्हणजे मुंबईच्या लोकलचा एक लांब फलाट संपवायला जेवढे चालावे लागते त्याच्या आसपास. तरीही जिने, फाटके आणि वाट पाहणे यांत त्याहून अधिक वेळ घालवून अनेक नवखे प्रवासी ते गाडीने पार करतात. बेझवॉटर आणि क्वीन्सवे ही दोन वेगळ्या मार्गांवरची स्थानके एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून काही पावलांवर आहेत. अशा ठिकाणी गाडी बदलण्यापेक्षा जवळच्या स्थानकावर उतरून चालणे हाच जलद मार्ग असतो.

स्थानकाचे नाव बरोबर असले की आपण योग्य जागी बाहेर पडतो, हे गृहीतकही तपासून पाहावे लागते. एलिझाबेथ लाइनच्या गाड्या २०० मीटरहून लांब आहेत, त्यामुळे तिच्या अनेक भुयारी स्थानकांना दोन टोकांना दोन वेगवेगळी प्रवेशद्वारे आहेत: लिव्हरपूल स्ट्रीटच्या फलाटाचे एक टोक मूरगेटला निघते, फॅरिंग्डनचे बार्बिकनला, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडचे दुसरे टोक डीन स्ट्रीटवर. चुकीच्या टोकाकडच्या सरकत्या जिन्याने वर आलेला प्रवासी स्थानक न चुकवताही मुक्कामापासून काही शे मीटर दूर निघतो, आणि ही चूक रस्त्यावर आल्यावरच उमगते.

तेथून पुढचा पायी रस्ता शोधताना पदपथांवर उभे असलेले, चालणाऱ्यांसाठीचे फलक फार उपयोगी पडतात. शाळेत शिकल्याप्रमाणे उत्तर दिशा वर असेल असे धरून ते वाचणारा मात्र नेमका उलट दिशेला निघतो. फलकासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेसमोर जे आहे ते त्यात वरच्या बाजूला दाखवलेले असते, आणि त्याभोवती पाच व पंधरा मिनिटांच्या चालण्याची वर्तुळे काढलेली असतात. पत्त्यातील अक्षरेही निरुपयोगी नसतात. ब्लूम्सबरीच्या पत्त्यात येणारे ‘डब्ल्यूसी’ म्हणजे पश्चिम-मध्य विभाग, दुसरे काहीही नव्हे, आणि पूर्ण पोस्टकोड सरासरी पंधराएक पत्त्यांपुरताच असल्याने तो मोबाइलच्या नकाशाला रस्त्याच्या नावापेक्षा अचूक वाट दाखवतो. घरांचे क्रमांक एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम असतात, हा नियम बहुतेक ठिकाणी खरा असला तरी जुन्या चौकांत तो चालत नाही. बेडफर्ड स्क्वेअरमध्ये क्रमांक चौकाभोवती ओळीने फिरतात, आणि डाउनिंग स्ट्रीटवरही दहाच्या शेजारी अकरा आहे. दार सापडल्यावरही पायऱ्या संपतातच असे नाही, कारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या अनेक घरांची आता लहान हॉटेले झाली असून त्यांपैकी कित्येकांत उद्वाहन नाही.

रात्री उशिरा उतरणाऱ्यांचा एक समज असा की भुयारी रेल्वे रात्रभर चालते. पिकॅडिली लाइन केवळ शुक्रवारी व शनिवारी रात्रभर चालते, आणि तेव्हाही टर्मिनल ४ ला जात नाही. टर्मिनलांमधला रेल्वेप्रवास विनामूल्य असल्याने दिवसा चुकीच्या टर्मिनलवर पोहोचणे ही पैशाची नव्हे, वेळेची हानी असते.

मराठी प्रवाशांपैकी पुष्कळांचे पाय लंडनमध्ये एका पत्त्याकडे वळतात, तो म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले. तेव्हा हीथ्रोला नागरी विमानतळ नव्हता. तो १९४६ मध्ये सुरू झाला. आज विमानतळावरून या घराकडे थेट जाणाऱ्याने पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअरला यावे आणि तेथून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म गाठावे. येथेही एक चकवा आहे: नॉर्दर्न लाइन उत्तरेला कॅम्डन टाउनपाशी दुभंगते, आणि चॉक फार्म केवळ एजवेअरकडे जाणाऱ्या फाट्यावर असल्याने हाय बार्नेटची पाटी असलेल्या गाडीत बसलेला प्रवासी भलतीकडे जातो. चॉक फार्मचे उद्वाहन या जाळ्यातील सर्वांत उथळ विहिरींपैकी एका विहिरीत चालते. वर आल्यावर ते घर पायी काही मिनिटांवर आहे.