नाव बदलण्याची भानगड

फाइलचं नाव बदलणं हे प्रोग्रॅमिंगमधलं सगळ्यात बिनधोक काम समजलं जातं. एका ओळीचा मामला! त्यामुळे लिनक्सवर चाचणी झाली की गडी खूश होतो. तोच प्रोग्रॅम ग्राहकाच्या विंडोजवर गेला की पहिल्याच दिवशी आडवा पडतो.

त्यामागचा पहिला गैरसमज असा: नव्या नावाची फाइल आधीच असेल, तर ती आपोआप बदलली जाते. लिनक्स आणि मॅकवर हे खरं आहे, तेही कुठलीही सूचना न देता. विंडोजवर मात्र पायथॉनचं ‘ओएस.रिनेम’ सरळ ‘फाइल आधीपासून आहे’ म्हणून अडून बसतं. म्हणूनच २०१२ च्या पायथॉन ३.३ मध्ये ‘ओएस.रिप्लेस’ आलं, ते दोन्हीकडे जुनी फाइल बदलतं. जावाचं जुनं ‘रिनेमटू’ तर आणखी वैतागवाणं. काम फसलं की नुसतं ‘फॉल्स’ सांगायचं, कारण गुलदस्त्यात. जावा ७ मधल्या ‘फाइल्स.मूव्ह’ने ते मौन संपवलं. अर्थात बदलायची जुनी फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल, तर विंडोज ‘रिप्लेस’लाही दाद देत नाही.

दुसरा गैरसमज: फाइल हलवणं म्हणजे फक्त पत्ता बदलणं. हे अर्धसत्य. एकाच फाइलसिस्टिममध्ये ४० जीबीची फाइलही क्षणात हलते, कारण डेटा जागचा हलत नाही, फक्त फोल्डरमधली नोंद बदलते. पेनड्राइव्हवर, म्हणजे दुसऱ्या फाइलसिस्टिमवर हलवायची झाली, तर लिनक्सचा कर्नल नकार देतो. मग ‘एमव्ही’ ही आज्ञा गुपचूप आधी कॉपी करते आणि नंतर मूळ फाइल पुसते. मध्येच वीज गेली, तर पलीकडे अर्धवट फाइल. तात्पुरती फाइल ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये लिहून शेवटी योग्य जागी हलवणारे इथेच फसतात, कारण अनेक लिनक्स यंत्रांवर ते फोल्डर वेगळ्या फाइलसिस्टिमवर, बहुधा मेमरीत असतं. तात्पुरती फाइल अंतिम फाइलच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये लिहावी.

तेवढ्यानं डेटा सुरक्षित होतो का? नाही. २००९ मध्ये लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम नवी असताना, यंत्र अचानक बंद पडल्यावर काहींच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. नव्या नावाची नोंद डिस्कवर पोचली होती, मजकूर अजून मेमरीतच होता. पुढे कर्नलमध्ये त्यावर उपाय झाला, तरी नाव बदलण्याआधी ‘एफसिंक’ करणं, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवून घेणं, हाच भरवशाचा मार्ग.

आता खास मराठी दुखणं. विंडोजच्या एनटीएफएसवर नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ युनिटांची, म्हणजे तेवढ्याच देवनागरी चिन्हांची, लिनक्सच्या ईएक्सटी४ वर २५५ बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-हलन्तासह जेमतेम ८५ चिन्हं. शासन निर्णयाचं अख्खं शीर्षक फाइलला देण्याची हौस असलेल्यांना ती सहज कमी पडतात. विंडोजवर गुण्यागोविंदानं नांदलेली फाइल लिनक्सवर नेताना ‘नाव फार लांब’ म्हणून परत येते.

‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ त्याहून चकवा देणारा. युनिकोडमध्ये तो एका चिन्हानंही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. मॅकची जुनी फाइलसिस्टिम एचएफएस प्लस त्याचे दोन तुकडे करूनच साठवत असे. तिथून लिनक्सवर आलेली ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’ ही फाइल डोळ्यांना तीच दिसते, प्रोग्रॅमला सापडत नाही. उलट एकाच फोल्डरमध्ये त्याच नावाच्या दोन फाइली दिमाखात बसलेल्या आढळतात. नावं ताडून पाहण्याआधी दोन्ही पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ’मधून काढली, की दोन्ही ‘ऱ’ एकसारखे होतात.