प्रुफं वाचताना तानपुरा

पुण्याच्या शनिवार पेठेत बसून करायची कामं पुष्कळ आहेत. अप्पा बळवंत चौकाच्या पुस्तकबाजाराला लागून असलेल्या इमारतींत कुठे प्रुफं तपासली जातात, कुठे डीटीपी चालतं, कुठे सीएच्या ऑफिसात ताळेबंद जुळवले जातात. वरच्या एखाद्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका असते. खाली बाजीराव रस्त्याचे हॉर्न आणि शेजारच्या टेबलावर फोनवरचं बोलणं. मग इअरफोन कानात जातात आणि आवडीचं गाणं सुरू होतं. उपाय चांगला आहे. पण गाणं पुष्कळदा चुकीचं निवडलेलं असतं.

आपलं लक्ष मोडतं ते मुख्यतः आवाज मोठा असल्यामुळे, असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं. 1976 साली कोल आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी लोकांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला आणि त्याच वेळी काफ्काची एक कथा जर्मनमध्ये ऐकवली. ऐकणाऱ्यांना जर्मन कळत नव्हतं. तरीही ते चुकू लागले. पुढच्या प्रयोगांत दिसलं की हे बोलणं हळू असो की मोठ्याने, नुकसान जवळजवळ तेवढंच होतं. वाचताना, आकडे जुळवताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारत असतो, त्यांचा क्रम धरून ठेवत असतो. सतत बदलत जाणारा आवाज तो क्रम विस्कटतो. बोलणं तर क्षणाक्षणाला बदलतं. पंख्याची एकसुरी घरघर मात्र थोड्या वेळाने कानाआड होते.

म्हणून प्रुफं वाचताना भावगीत लावणं म्हणजे शेजारच्याची बडबड थांबवून कवीची सुरू करणं. सालामे आणि बॅडली यांनी 1989 मध्ये दाखवलं की नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा शब्दांचं गाणं स्मरणाला जास्त अडथळा करतं. 2011 मध्ये वेल्समधल्या पर्हॅम आणि विझार्ड यांना आढळलं की आवडतं गाणं आणि नावडतं गाणं, दोन्ही क्रम लक्षात ठेवण्याच्या कामाला सारखीच बाधा आणतात. ‘मला सवय आहे’ असं प्रत्येक जण म्हणतो. गाण्याने मन प्रसन्न होतं हे खरंच आहे. त्या प्रसन्नतेत चूक नजरेतून निसटते, इतकंच.

मग गात गात काम करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचं काय? जात्यावरच्या ओव्या तर शब्दांनी ओथंबलेल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पण तिथे हात राबत होते, मन मोकळं होतं, आणि पहाटेच्या त्या कष्टाला लय आणि सोबत हवी होती. महायुद्धात, 1940 साली, बीबीसीने कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला तोही याच जातीच्या कामासाठी. तिथेही निवड कडक होती: ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे गाणं वगळलं गेलं, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारं ठोकतील अशी धास्ती होती. आजही पुस्तकांचे गठ्ठे बांधताना, पार्सलं भरताना रेडिओ खुशाल लावावा.

वाचन-लेखनाला मात्र मी तानपुरा सुचवेन. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोबाइलवर तर तो फुकट वाजतो. षड्ज-पंचमाचा अखंड नाद बदलत नाही, त्यात शब्द नाहीत, आणि शेजारच्या बोलण्यातले शब्द त्याखाली पुसट होतात. शब्द कळेनासे झाले की अर्धी लढाई जिंकली. सतारीची आलापी का नको? कारण पुणेकर कान. रमणबागेच्या मैदानावर वर्षानुवर्षं ‘सवाई गंधर्व’ महोत्सव ऐकलेल्या माणसाला राग पार्श्वभूमीला ठेवताच येत नाही. पुढचा स्वर कुठे लागतो याकडे मन धावतं आणि समोरची ओळ तशीच राहते. त्या रागाचाही तो अपमानच आहे.

गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने हा उपाय तोकडा पडतो. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की तानपुरा त्याला पुरा पडत नाही आणि बोट आपोआप आवाज वाढवण्याकडे जातं. ते टाळलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलला आठवड्यात 40 तास ऐकणं सुरक्षित; 90 डेसिबलला हीच मर्यादा चार तासांवर येते. सराव बहुधा संध्याकाळी असतो. त्या दिवसांत प्रुफं आणि ताळेबंद सकाळी उरकावेत आणि संध्याकाळसाठी गठ्ठे बांधण्याचं काम ठेवावं.