थैलीतला अनोळखी टेट्रा

ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले मासेमार होडीतून जंगलातल्या ओहोळांत शिरतात आणि कार्डिनल टेट्रा जिवंत पकडतात. तिथून हे मासे निर्यातदारांच्या टाक्यांमार्गे जगभरच्या दुकानांत पोचतात. या प्रवासात एखादा आगंतुक हमखास सोबत येतो. निळ्या-लाल पट्ट्यांच्या थव्यात एकच साधा रुपेरी मासा, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. दुकानदार त्याला 'मिक्स टेट्रा' म्हणून देऊन टाकतो. घरी आणल्यावर प्रश्न सुरू होतो, हा आहे तरी कोण?

पहिली पायरी म्हणजे तो टेट्राच आहे का, हे बघणं. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये तांदळाच्या कणीएवढा आणखी एक पर दिसतो का, ते पाहा. त्यात काटे नसतात, तो मांसल असतो. त्याला मेदपर म्हणतात. असाच पर आपल्या शिंगाळ्याच्या पाठीवरही असतो, पण शिंगाळ्याला मिशा असतात आणि खवले नसतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. बार्ब किंवा झेब्रा डॅनिओ हे रोहू-कटल्याच्या गोतातले मासे. त्यांना मेदपर नसतो आणि जबड्यात दातही नसतात. टेट्राला दोन्ही असतात. अपवाद आहेतच. सिल्व्हर टिप नावाने विकला जाणारा हासेमानिया नाना पक्का टेट्रा, पण त्याला मेदपर नाही.

यापुढे बहुतेक जण रंगाकडे वळतात आणि तिथेच फसतात. दुकानातल्या गुलाबी दिव्याखाली प्रत्येक मासा लालसर दिसतो. थैलीतून नुकताच आलेला मासा घाबरून फिका पडलेला असतो. विणीच्या काळात नर गडद होतो. आणि 'कलर विडो' म्हणून जे गुलाबी, हिरवे, जांभळे मासे मिळतात, त्यांतले अनेक म्हणजे ब्लॅक विडोच्या पांढऱ्या वाणात सुईने किंवा बुडवून भरलेला कृत्रिम रंग. माशाच्या जिवावर उठणारा हा प्रकार आहे आणि असे मासे विकत घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. पण समजा समोर आलाच, तर रंग विसरून आकार पाहा. उंच चपटं अंग, पोटामागून शेपटीपर्यंत पसरलेला लांबरुंद गुदपर. हा जिम्नोकोरिंबस टर्नेट्झाय, म्हणजेच ब्लॅक विडो. या जातीचं वर्णन 1895 मध्येच झालं आहे.

छटा फसवते, पण खुणेची जागा सहसा फसवत नाही. निऑन आणि कार्डिनल घ्या. निऑनचा लाल पट्टा अंगाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो, कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत. तिसरा भाऊबंद ग्रीन निऑन. त्याचा लाल रंग पुसट असतो, पण निळा पट्टा पार शेपटीच्या मुळाशी भिडतो, तर निऑनचा त्याआधीच थांबतो. तीन मासे शेजारी ठेवले तर लहान मूलही वेगळे करील. एकटा समोर आला की मात्र पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे नीट पाहावं लागतं.

सगळ्यात शिकवणारं उदाहरण रमी नोजचं. लाल नाक, रुपेरी अंग, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. या एका नावाखाली तीन वेगळ्या जाती विकल्या जातात. पहिलीचं वर्णन 1924 मध्ये झालं, तीत लाली बहुतेक डोक्यापुरतीच असते आणि शेपटीचा मधला काळा पट्टा बारीक रेघ होऊन अंगावर उतरतो. दुसरी पेटिटेला जॉर्जिए, 1964 ची, पेरूकडच्या वरच्या अॅमेझॉनची. तिच्या शेपटीच्या देठावर वरच्या कडेला काळसर डाग असतो. तिसरी 1986 मध्ये नोंदली गेली, रिओ निग्रोच्या परिसरातली. हायको ब्लेहर या मत्स्यसंग्राहकाच्या नावावरून तिचं नाव ब्लेहेराय. तिची लाली कल्ल्याच्या झाकणामागे अंगावर पसरते आणि दुकानात बहुतेक वेळा हीच असते. पण पाणी बिघडलं की तिचंही नाक फिकं पडतं. मग लालीच्या सीमेवरून नाव कसं ठरवणार? म्हणून मासा शांत झाल्यावर, दिवसभर स्थिरावल्यावरच पाहावा, आणि शेपटीच्या काळ्या खुणांना नाकापेक्षा जास्त वजन द्यावं. या तिघींचा वंश ठरवताना शास्त्रज्ञही चकले होते. जॉर्जिएला दातांवरून स्वतंत्र वंशात टाकलं होतं, बाकी दोघी हेमिग्रामस वंशात. 2020 मध्ये डीएनए तपासून तिघी एकाच वंशात आणल्या गेल्या.

हेमिग्रामस आणि हायफेसोब्रायकॉन या दोन मोठ्या वंशांची तर गंमतच आहे. इंडियाना विद्यापीठाचे कार्ल आयगेनमान यांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेली कसोटी अशी की शेपटीच्या मुळाशी परावर खवले चढलेले असतील तर हेमिग्रामस, नसतील तर हायफेसोब्रायकॉन. भिंगाखाली हे बघता येतं, पण खवले सहज गळतात, आणि आता कळलंय की ही खूण नात्याचा भरवशाचा पुरावा नाही. दोन्ही वंशांत एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या जाती भरल्या आहेत. नुसत्या हायफेसोब्रायकॉनमध्येच दीडशेच्या वर जाती आहेत. म्हणून मासा कुठून आला, हे कळणं फोटोइतकंच मोलाचं. रिओ निग्रोच्या खोक्यातून आलेल्या माशासाठी पॅराग्वे खोऱ्यातल्या जाती एका फटक्यात बाद होतात. मत्स्यशेतीत पैदास झालेल्या माशाच्या बाबतीत मात्र ही वाट बंद असते.

नाव चुकण्याची किंमत काय, ते रूपचंद सांगतो. गोड्या पाण्यातलं पापलेट म्हणून बाजारात विकला जाणारा हा मासा मूळचा अॅमेझॉनचा पाकू, टेट्राचाच लांबचा नातेवाईक, मेदपर असलेला. त्याची लाल गळ्याची, काळ्या ठिपक्यांची पिल्लं दुकानात पिऱ्हाना म्हणून विकली जातात. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे, पिऱ्हानाचे त्रिकोणी. शिवाय पिऱ्हानाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो. दोन फुटी टाकीत आणलेला हा 'पिऱ्हाना' दोन-अडीच फुटांचा होऊ शकतो. मग तो तळ्यात सोडून देण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

तर त्या रुपेरी पाहुण्याचं काय? बाजूने, काचेला समांतर, सगळे पर पसरलेले असताना फोटो काढा, गुलाबी दिवा बंद करून. खांद्यावर ठिपका आहे का, शेपटीचा ठिपका गोल की आडवा, डोळ्याचा वरचा भाग लाल आहे का, हे टिपून ठेवा. दुकानदाराला विचारा, कोणत्या खोक्यातून आला. कदाचित जात सापडेल. बऱ्याचदा वंशापर्यंतच पोचता येईल, तेवढंही पुरेसं असतं: हेमिग्रामस, जात अज्ञात, कार्डिनलांसोबत आलेला, बहुधा रिओ निग्रोचा. म्हणजे मऊ, किंचित आम्लधर्मी, उबदार पाणी, आणि एकटा नको, थव्यात ठेवायला सोबती.