बहिणीचा पगार आणि भावाचा आयकर

कडा (ता. आष्टी) येथील एका घरात मायलेकांचा अबोला झाला होता. मुलगी चोवीस वर्षांची, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, प्रमाणपत्रावर 80 टक्के. आई मजुरीला जाते. भाऊ पुण्यात कंपनीत, पगार वर्षाला साडेसात लाख. बहिणीची औषधे, फिजिओथेरपी, डायपर तोच बघतो. त्याला कोणी सांगितले, "बहीण आयकरात दाखव, सवा लाखाची सूट आहे." आईला कोणी सांगितले, "तसे केले की पोरीचा निराधारचा पगार बंद." आम्ही दोघांना समोरासमोर बसवून कागद वाचले.

2025-26 पर्यंतच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा 1961, कलम 80डीडी. अवलंबून असलेले पती-पत्नी, मुले, आईवडील, भाऊ-बहीण यांना 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 75 हजार, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1 लाख 25 हजार रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात. खर्च किती झाला यावर रक्कम ठरत नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता यांसाठी फॉर्म 10-आयए लागतो. तो सिव्हिल सर्जन देऊ शकतात. त्या व्यक्तीने स्वतः 80यू खाली सूट घेतली असेल, तर घरच्यांना ही मिळत नाही.

पण ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत 2025-26 साठी पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागतच नाही. म्हणजे या भावाला सूट मागण्याची गरजच नव्हती. ज्यांचा पगार त्याहून मोठा आहे, त्यांनी दोन्ही पद्धतींचा हिशेब करून मगच ठरवावे.

आता बहिणीचा पगार. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये आहेत आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार आहे. आयकरातली सूट हे उत्पन्न नव्हे. खरा प्रश्न वेगळा आहे: दाखल्यात कुटुंब म्हणून कोणाला धरले आहे? कमावता भाऊ त्याच घरात, त्याच रेशनकार्डावर असेल तर विचारणा होऊ शकते. एका कागदावर "बहीण माझ्यावर अवलंबून" आणि दुसऱ्यावर "आम्हाला कोणाचाच आधार नाही" असे लिहू नका. तलाठ्याने विचारले तर भाऊ पैसे पाठवतो हे सांगा. लपवलेले पुढे वसुलीच्या नोटिशीने बाहेर येते.

ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी आज एवढे करावे:

- यूडीआयडी कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा.
- प्रमाणपत्राला मुदत असेल तर ती संपण्याआधी नूतनीकरण करा.
- हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्या. पगार बहुतेकदा या कागदांपायी अडतो.
- सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर 'निरामय' आरोग्य विम्याची चौकशी करा. त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण आहे.

त्या घरी आम्ही निघालो तेव्हा आईने लेकाला चहा दिला. सवा लाखाचा विषय पुन्हा निघाला नाही.