शहरांची घडण (लेखांक ९) : वोबाँ – घराची किंमत वेगळी, गाडीची वेगळी

नैऋत्य जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराच्या दक्षिणेला, मध्यवस्तीपासून तीनेक किलोमीटरवर वोबाँ ही सुमारे ४० हेक्टरांची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील बराकींत फ्रेंच सैन्याचा तळ होता. सतराव्या शतकातील फ्रेंच दुर्गरचनाकार वोबाँ याचे नाव त्या तळाला होते, तेच पुढे वसाहतीला चिकटले. १९९२ मध्ये सैन्य निघून गेले आणि महापालिकेने ही जमीन केंद्र सरकारकडून विकत घेतली. शेतजमिनीला हात न लावता, शहराला लागूनच नवी वस्ती उभारता आली. आज तेथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात.

जमिनीची मालकी महापालिकेकडे असल्यामुळे ती कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरवणे तिच्या हाती राहिले. बड्या विकसकांना सलग जमीन विकण्याऐवजी छोटे भूखंड पाडण्यात आले. घर हवे असलेली काही कुटुंबे एकत्र येत, वास्तुविशारद नेमत आणि आपली इमारत स्वतःच बांधून घेत. विकसकाचा नफा वाचल्याने खर्च आटोक्यात राहिला. शिवाय राहायला जाण्यापूर्वीच शेजाऱ्यांची ओळख झाली. ‘फोरम वोबाँ’ या नागरिकांच्या संस्थेने आराखड्याच्या चर्चेत सुरुवातीपासून भाग घेतला. काही जुन्या बराकी पाडण्याऐवजी दुरुस्त करून विद्यार्थ्यांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या रहिवाशांसाठी वापरात आणल्या गेल्या.

या वसाहतीचा कणा म्हणजे तिची वाहनतळाची व्यवस्था. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या बांधकाम कायद्यानुसार प्रत्येक घरामागे गाडीसाठी एक जागा दाखवावी लागे. त्यामुळे गाडी नसलेल्या कुटुंबालाही तिचा खर्च घराच्या किमतीतून सोसावा लागतो. वोबाँच्या बऱ्याच मोठ्या भागात ही सांगड तोडली गेली. तेथे घराखाली किंवा दारापुढे वाहनतळ नाही. गाडी ठेवायची ती वसाहतीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात, तीही जागा स्वतंत्रपणे विकत घेऊन. सुरुवातीच्या काळात अशा एका जागेची किंमत सतरा-अठरा हजार युरोंच्या घरात होती. गाडी नसलेल्या कुटुंबाने तसे लेखी जाहीर करायचे आणि सुमारे ३,७०० युरो एकदाच भरायचे. त्या पैशातून एक मोकळा भूखंड राखून ठेवण्यात आला. पुढे गरज पडलीच तर तेथे वाहनतळ बांधता येईल, एवढ्यावर कायद्याची अट पूर्ण झाली.

या एका निर्णयातून बाकीची रचना उलगडत गेली. निवासी गल्ल्यांत वाहनाला माणसाच्या चालीनेच जाता येते आणि सामान उतरवण्यापुरतेच थांबता येते. रस्त्यावर खडूने आखून मुले खेळतात. मध्यवस्तीकडे जाणारी ट्राम २००६ मध्ये सुरू झाली. तिचा मार्ग आराखड्यातच राखून ठेवलेला होता. रुळांमध्ये डांबराऐवजी गवत आहे. दर हजार रहिवाशांमागे गाड्यांची संख्या दोनशेहून कमी राहिली; जर्मनीत ती पाचशेच्या वर आहे.

गाडीविना राहायचे तर रोजच्या गरजा पायी जाण्याच्या अंतरावर हव्यात. म्हणून मुख्य रस्त्यालगत तळमजल्यावर दुकाने आली. शाळा आणि बालवाड्या वस्तीतच उभ्या राहिल्या. वास्तुविशारद रोल्फ डिश यांची ‘झोनेनशिफ’ ही लांबलचक इमारत या मिश्र वापराचा उत्तम नमुना आहे. तिच्या तळमजल्यावर दुकाने, त्यावर कार्यालये आणि छतावर नऊ घरे आहेत. वर्दळीच्या रस्त्याचा आवाज अडवून ती मागच्या घरांना शांतता मिळवून देते. ही घरे आणि छतावरील नऊ मिळून ५९ घरांची सौर वसाहत होते. वापरापेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करावी, अशा बेताने तिची रचना झाली आहे.

ऊर्जेची अट भूखंडाच्या विक्रीतच घातलेली होती : घर तापवण्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला ६५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये. जाड उष्णतारोधक भिंती आणि तिहेरी काचांच्या ‘पॅसिव्ह’ घरांना तर केवळ १५ युनिट पुरतात. लाकडाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या केंद्रातून वीज आणि गरम पाणी, दोन्ही मिळते. पावसाचे पाणी थेट गटारात न सोडता गवताळ चरांतून जमिनीत मुरवले जाते. सैन्याच्या काळातील मोठी झाडे शक्य तेथे राखली आहेत. इमारतींच्या रांगांमधले हिरवे पट्टे डोंगराकडून येणाऱ्या गार वाऱ्याला वाट देतात.

उणिवाही आहेत. काहींनी आपली गाडी शेजारच्या वस्तीतील रस्त्यावर लावून नियमाला बगल दिली. अनुदानित घरे ठरवल्यापेक्षा कमी बांधली गेली आणि रहिवाशांत शिकलेल्या मध्यमवर्गाचे प्रमाण जास्त राहिले. म्हणूनच फ्रायबुर्गच्या पुढील मोठ्या वसाहतीसाठी, डीटेनबाखसाठी, निम्मी घरे अनुदानित भाड्याची ठेवण्याचे उद्दिष्ट ठरले. २०१९ च्या सार्वमतात नागरिकांनी त्या वसाहतीला मंजुरी दिली. सौर तावदाने केव्हाही बसवता येतात. पण जमीन कोणाला द्यायची, ट्राम कुठून न्यायची आणि गाडीचा खर्च कोणी सोसायचा, हे पायाभरणीआधीच ठरवावे लागते. वोबाँचे यश त्या आधीच्या निर्णयांचे आहे.