निरीक्षण आणि ज्ञान : अहिराणीच्या सीमेवरील एक दाखला

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकास वसलेला नांदगाव तालुका भाषेच्या अभ्यासकाला संधिप्रदेशासारखा आहे. त्याच्या उत्तरेस मालेगाव, पूर्वेस चाळीसगाव, नैर्ऋत्येस येवला आणि दक्षिणेस मराठवाडा. या टापूत प्रमाण मराठीशी निकट असलेली बोली आणि खानदेशची अहिराणी या दोन्ही एकमेकींना भेटतात. येथील मनुष्य कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न वरवर पाहता केवळ निरीक्षणाचा आहे. कोणीही जावे, ऐकावे आणि टिपून आणावे. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत या साध्या प्रश्नाची जी उत्तरे नोंदली गेली, ती पाहिली म्हणजे निरीक्षण हा ज्ञानाचा पाया आहे, या विधानाचा अर्थ पुन्हा तपासून पाहणे प्राप्त होते.

निरीक्षणाचा पहिला साक्षीदार म्हणजे कान. पण कान कोरा नसतो. मराठीत 'जग' या शब्दाचे दोन उच्चार आहेत. विश्व या अर्थी त्यातील 'ज' तालव्य आहे, तर 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी तो दंततालव्य आहे. मराठी श्रोत्याला हा भेद तत्काळ जाणवतो. ज्याच्या भाषेत तो अर्थभेदक नाही अशा श्रोत्याला दोन्ही ध्वनी एकच वाटण्याचा संभव असतो. शिवाय देवनागरीत दोहोंस एकच अक्षर असल्यामुळे, नोंद लिपीत उतरताच ऐकलेला भेदही नाहीसा होतो. म्हणजे ध्वनिलहरी त्याच, परंतु 'काय ऐकले' याचे उत्तर श्रोत्याच्या भाषेवर आणि नोंदीच्या साधनावर अवलंबून राहते.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. दिङ्नागाने प्रत्यक्ष ज्ञान कल्पनेपासून मुक्त मानले. नैयायिकांनी निर्विकल्पक आणि सविकल्पक अशा दोन पायऱ्या मानल्या आणि नाम, जाती इत्यादींनी युक्त असे ज्ञानही प्रत्यक्षच ठरविले. भर्तृहरीने तर शब्दाच्या अनुषंगाविना लौकिक ज्ञान संभवतच नाही, असे प्रतिपादन केले. पाश्चात्त्य विज्ञानमीमांसेत हाच मुद्दा विसाव्या शतकात प्रकर्षाने पुढे आला. निव्वळ 'निरीक्षण करा' एवढी सूचना निरर्थक आहे, कारण कशाचे आणि कशासाठी हे ठरल्याखेरीज निरीक्षणास आरंभच होत नाही, असे कार्ल पॉपर यांनी दाखविले. नॉरवुड रसेल हॅन्सन यांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात पाहणे हीच क्रिया सिद्धान्ताने भारलेली असते, असा पक्ष मांडला.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्रश्न. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचे नमुने स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत मागविण्यात आले. त्यांत बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर, एक स्थानिक गद्य वा पद्य उतारा आणि शब्द व वाक्ये यांची एक ठरीव यादी यांचा समावेश होता. एकाच कथेचे शेकडो बोलींतील रूप हाती आल्याने तुलना सुकर झाली, हे त्या पद्धतीचे मोठे बळ होय. परंतु भाषांतर करणारा मनुष्य मूळ वाक्याच्या घडणीकडे ओढला जातो, आणि अंगणात बोलणारा तोच मनुष्य निराळे बोलतो. म्हणून हाती आले ते बोलीचे निरीक्षण असले, तरी ते 'भाषांतर करताना' या अटीसह आलेले निरीक्षण होते.

तिसरा साक्षीदार म्हणजे वर्ग. सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड 1905 मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशी मात्र त्यात नाही. ती 1907 च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबत घातली गेली. या निर्णयास आधार नव्हता असे नाही. प्रमाण मराठीतील 'माझ्या घरात आहे' याला अहिराणीत 'मन्हा घरमा शे' असे रूप आहे. षष्ठीचा 'ना-नी', सप्तमीचा 'मा' आणि 'शे' हे क्रियापद ही सारी गुजरातीच्या दिशेने बोट दाखवितात. पण 'मला' या अर्थी येणाऱ्या 'माले' मधील 'ले' हा प्रत्यय आणि 'डोळा' चे 'डोया' होण्याची प्रवृत्ती पाहिली, तर वऱ्हाडीची आठवण होते. उदाहरणे दोन्ही बाजूंस खरी आहेत. कोणत्या खुणेस अधिक वजन द्यावयाचे, हे त्या खुणा स्वतः सांगत नाहीत, ते वर्गीकरणाचा सिद्धान्त सांगतो.

शासकीय गणनेतही हेच दिसते. जनगणनेत मातृभाषा म्हणून जे नाव सांगितले जाते ते नोंदले जाते आणि नंतर त्याचे वर्गीकरण होते. 2011 च्या जनगणनेत अशी 19,569 कच्ची नावे आली. छाननीनंतर त्यांतून 1,369 मातृभाषा निश्चित झाल्या आणि पुढे गटवारी करून 121 भाषांची यादी सिद्ध झाली. या यादीत अहिराणी 'खानदेशी' या भाषेखाली येते. खानदेशी गटाची संख्या 1991 मध्ये सुमारे 9 लाख 73 हजार, 2001 मध्ये सुमारे 20 लाख 75 हजार आणि 2011 मध्ये सुमारे 18 लाख 60 हजार अशी नोंदली गेली. दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ आणि पुढील दहा वर्षांत घट, हे केवळ जन्ममृत्यूने घडणारे नव्हे. येथे माणसांच्या संख्येपेक्षा त्यांनी दिलेले उत्तर आणि त्या उत्तराची मांडणी बदलली असावी, असेच अनुमान निघते. समजा, नांदगावातील एका शेतकऱ्याने शाळामास्तरांना 'मराठी' असे सांगितले आणि सोयऱ्याला 'आपली अहिराणी' असे म्हटले. त्याने दोन्ही वेळा खरेच सांगितले आहे. विचारणारा कोण, यावर उत्तर ठरले इतकेच.

मग निरीक्षणास काही प्रामाण्यच उरत नाही काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी 1876 पासून शाळाशिक्षकांकडे वाक्ये पाठवून त्यांची स्थानिक रूपे मागविली. बोलींच्या सीमा रेखीव निघतील, ही त्या काळची अपेक्षा होती. आलेल्या उत्तरांचे नकाशे काढले तेव्हा निरनिराळ्या शब्दांच्या सीमारेषा एकमेकींवर न पडता पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकल्या. फ्रान्समध्ये झील झिलिएराँ यांनी एदमों एदमाँ या तीक्ष्ण कानाच्या, परंतु भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण नसलेल्या सहकाऱ्यास 1897 ते 1901 या काळात 639 गावी पाठविले. ऐकणाऱ्याच्या मनात सिद्धान्ताची अपेक्षा नसावी, हा हेतू होता. तरीही प्रश्नावली झिलिएराँचीच होती आणि ध्वनिलेखनाची चिन्हेही आधीच ठरलेली होती. कोरेपणा साधला नाही, पण प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र इतिहास असतो ही गोष्ट पुढे आली. सिद्धान्तामुळे प्रश्न सुचला खरा, परंतु उत्तर सिद्धान्ताच्या इच्छेप्रमाणे आले नाही. निरीक्षणाचे प्रामाण्य येथे आहे : ते अपेक्षेला नकार देऊ शकते.

विल्यम लबॉव्ह यांनी 1972 मध्ये याच अडचणीचे दुसरे टोक दाखविले. कोणी पाहत नसताना लोक कसे बोलतात हे भाषाशास्त्रज्ञाला हवे असते, आणि ते मिळविण्याचा मार्ग मात्र पाहणे हाच आहे. ही अडचण नाहीशी करता येत नाही, पण मोजता येते. एकाच निवेदकाचे यादीवाचन, मुलाखत आणि घरगुती संभाषण वेगवेगळे नोंदवून त्यांतील अंतर पाहता येते. ते अंतर दोष म्हणून टाकून द्यावयाचे नसते, कारण तेच ज्ञान असते.

यावरून संशोधकावर एक साधी जबाबदारी येते. 'नांदगावात अमुक रूप आढळते' एवढे लिहून भागत नाही. कोणी विचारले, कोणत्या भाषेत विचारले, कोणाच्या समक्ष, कोणत्या लिपीत टिपले आणि निवेदक कोणत्या गावी वाढला, हे त्या विधानाचेच भाग होत. ते वगळले तर पुढील अभ्यासकाला विधान तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते विज्ञानात टिकत नाही. शिवाय बोलीच्या बाबतीत चूक केवळ कागदावर राहत नाही. ज्या बोलीची नोंद 'अशुद्ध मराठी' अशी होते, तिच्या बोलणाऱ्याचे मूल शाळेत गप्प बसते. जे निरीक्षण स्वतःच्या अटी सांगते, तेच त्या मुलाच्या भाषेस न्याय देऊ शकते.